पाहुण्यांचा फ्यूटन

१

फ्यूटन घ्यायचा हे डोकं माझंच. नवऱ्याला बिचाऱ्याला फ्यूटन खातात की पांघरतात हेही माहीत नव्हतं.

आमचं घर म्हणजे हॉल, स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. एका खोलीत आम्ही दोघं, दुसरीत आमचं कन्यारत्न. तिच्या दारावर 'ठोकल्याशिवाय आत येऊ नये' अशी पाटी आहे, आणि ठोकलं तरी ती 'काय आहे?' असंच ओरडते. तेव्हा बाबा आले की हॉलमध्येच झोपणार, हे उघड होतं. इतकी वर्षं ते भावाकडे होते. भावाची परदेशी बदली झाली आणि बाबांचं काय, हा प्रश्न माझ्या दारात येऊन उभा राहिला. बाबांचा फोनवर एकच धोशा होता. "जागा असेल तरच येतो हं. नसेल तर त्या वृद्धाश्रमात नाव घालून ठेवलंय माझं. तिथंही बरं असतं म्हणतात."

"काहीतरीच काय बाबा! जागा आहे," मी म्हटलं. फोन ठेवला आणि हॉलकडे बघत बसले.

पलंग टाकला की पलंग दिसतो. दार उघडलं की समोर पलंग, त्यावर म्हातारा माणूस, उशाशी औषधांच्या बाटल्या. आल्यागेल्याला वाटायचं दवाखान्यात आलो. हे मी मोठ्यानं बोलले नाही. मोठ्यानं म्हणाले, "फ्यूटन बरा. रात्री बिछाना, दिवसा सोफा. दिवसा काही दिसतच नाही."

"काय दिसत नाही?" नवऱ्यानं विचारलं.

"अंथरूण," मी म्हटलं.

दुकानातली मुलगी मोठी गोड होती, तोंडात च्युइंगगम आणि बोलणं अघळपघळ. फोमची गादी गरम होते, काथ्याची टोचते, कापसाची सगळ्यात छान, असं तिनं भराभर सांगून टाकलं. मग म्हणाली, "जाड घ्या. पाठीला आराम. फक्त घडी केली की जरा फुगते. पातळ घेतलीत तर सोफा अगदी सोफ्यासारखा दिसेल, पण खालच्या पट्ट्या लागतात पाठीला. झोपणार कोण आहे?"

"पाहुणे," मी म्हटलं. "येतात अधूनमधून."

बाप म्हणायला जीभ वळली नाही. बाप म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, मग पलंगच घ्या ना. मी पातळ गादीवर हात ठेवला.

"पाहुण्यांना घेऊनच या की एकदा. ज्याला झोपायचंय त्यानं आडवं होऊन बघितलेलं बरं."

"पाहुणे काय ठरलेले असतात का?"

"मग तुम्हीच व्हा आडव्या. आपण पाहुणी आहोत असं समजायचं," ती हसत म्हणाली आणि तिनं भोवतीचा पडदा ओढून घेतला.

मी चपला, मोजे काढले. माझ्या डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट वाकडं आहे, लहानपणी दारात सापडलं होतं. ते मी कुणाला दिसू देत नाही. पडद्याआड कोण बघणार होतं, तरी ते दुसऱ्या पायाखाली दडवलं. आणि पाहुणीसारखी झोपले. म्हणजे कडेला, एका कुशीवर, गुडघे पोटाशी, हात गालाखाली. पाहुणा कधी हातपाय पसरून झोपतो का?

आणि मला चक्क डोळा लागला! जाग आली ती बाहेरच्या बोलण्यानं. कुणी गिऱ्हाईक म्हणत होतं, "हा बघता येईल का?" आणि ती मुलगी हळू आवाजात सांगत होती, "जरा थांबा ना, आत पाहुण्या झोपल्यात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून पाहिलं तर गादीवर माझ्या लाळेचा डाग. ती म्हणाली, "हा नुसता दाखवायला ठेवलेला आहे, तुम्हाला नवा पाठवते." मी तो डाग हातानं झाकून म्हटलं, "नको, हाच द्या."

२

दोन हमाल फ्यूटन भिंतीशी लावून गेले. मी त्याची पाठ खाली पाडून पाहिली, पुन्हा वर उचलली. वर नेली की कट्कन खटका बसायचा आणि बिछान्याचा सोफा व्हायचा. कुठे काही फुगलेलं नाही. मी खूश झाले.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तेव्हा लेक फ्यूटन उघडून समोर उभी होती, नेहमीसारखी नखं कुरतडत.

"आई, ह्याच्यावर कोण झोपलं होतं?"

भिंतीकडच्या कडेला खळगा होता. खांदा, कंबर, दुमडलेले गुडघे, सगळं ओळखू येत होतं. मी दुकानात झोपले होते खरी, पण ती डुलकी. हा खळगा वर्षानुवर्षं त्याच कुशीवर झोपलेल्या माणसाचा वाटत होता. कापूस पार दबून घट्ट झाला होता.

"तुझ्या आईनं दुकानात तळ ठोकला होता," नवरा म्हणाला. "कापूस बसतो गं. गादी उलटी घाल."

गादी उलटी घातली. वरची बाजू सपाट होती, हात फिरवून पाहिला. दुसऱ्या दिवशी खळगा तिथंच, भिंतीकडच्याच कडेला. तिघांपैकी कुणी फ्यूटनवर पाठ टेकली नव्हती.

मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चष्म्याचे नंबर काढते. निम्मी माणसं तक्ता पाठ करून येतात. त्यांना मी रोज सांगते, दिसतंय ते सांगा, पाठ आहे ते नको. तेच मी स्वतःला सांगितलं. दिसतोय तो खळगा आहे. कापसाच्या गादीला खळगा पडतो. संपलं. मी त्यावर चादर घातली.

३

बाबा एक पिशवी घेऊन आले. बस्स, एकच.

बाबांनी उभी हयात लिफ्ट चालवण्यात घालवली. एका मोठ्या इमारतीत, कोपऱ्यातल्या स्टुलावर. गर्दी झाली की स्टूल घडी करून बाहेर ठेवायचे आणि भिंतीला चिकटून उभे राहायचे. "या, या, अजून एक मावेल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरातही ते तसेच वावरतात. दारातून जाताना आधी अंग चोरतात, मग जातात.

फ्यूटन पाहून ते हरखले. "वा! घडीचा आहे. म्हणजे दिवसा कुणाला अडचण नाही."

मी हसले. त्यांनी मला पकडल्यासारखं वाटलं, पण त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. त्यांना खरंच आनंद झाला होता.

सकाळी बघते तर बाबा खाली, फरशीवर सतरंजी टाकून झोपलेले. फ्यूटन शेजारी उघडाच.

"बाबा, खाली का?"

"पाठीला बरं वाटतं गं."

दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी माझा पारा चढला. एवढा उपद्व्याप करून आणला, आणि उद्या कुणी पाहिलं तर म्हणायचं, लेक बापाला फरशीवर झोपवते. "बाबा, तुम्हाला आवडला नाही तर तसं स्पष्ट सांगा!"

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. अगं, झोपलेल्या माणसाला कशाला उठवायचं?"

"कुणाला?"

"तुमच्या पाहुण्यांना." त्यांनी भिंतीकडे मान केली. "मी दिवा घालवायला येतो तेव्हा त्या झोपलेल्या असतात. तिकडे तोंड करून. मला वाटलं, कामाच्या गडबडीत सांगायचं राहिलं तुझं. मी खाली मावतो की."

"बाबा, इथे कुणीही नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. लिफ्टमधले लोक बोलतील ते आयुष्यभर ऐकून घेतलं त्यांनी, कुणाशी वाद घातला नाही. "असं का?" ते म्हणाले. "बरं."

दिवसभर मला काम सुचेना. वय झालं की नवीन जागेत होतं असं, भास होतात, माणसं दिसतात, डॉक्टरांकडेही अशा केसेस येतात. म्हणजे बाबांचं डोकं चालेनासं झालंय. मग त्यांना घरी ठेवणं धोक्याचंच, आम्ही सगळे दिवसभर बाहेर. वृद्धाश्रमात निदान चोवीस तास माणूस असतं.

आणि खरं सांगते, हा विचार आल्यावर मला हायसं वाटलं. बसमध्ये उभी होते. हायसं वाटलं आणि लगेच तोंड लपवावंसं वाटलं.

४

मग मलाही ऐकू यायला लागलं.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठते. चहाचं आधण ठेवलं होतं. हॉलमधून फ्यूटनच्या पट्ट्या करकरल्या, कुणी कूस बदलल्यावर करकरतात तशा. मग खोकला. मोकळा खोकला नव्हे, तोंडावर काहीतरी धरून, घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून दाबलेला.

"बाबा, खोकला झालाय का?" मी ओट्यापासूनच विचारलं.

"नाही गं," बाबा म्हणाले. आवाज न्हाणीघरातून आला. ते दाढी करत होते.

मी गॅस बंद केला. हॉलमध्ये जायला तीन पावलंही लागत नाहीत, पण मी कपबशा पुसत बसले, होत्या तेवढ्या सगळ्या. मग गेले. फ्यूटन रिकामा. चादर चुरगळलेली. खळग्यात हात घातला तर तो उबदार लागला, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा. ऊन असेल म्हणावं तर खिडकी समोरच्या भिंतीला, आणि बाहेर पुरतं उजाडलंही नव्हतं.

बाबा गालाला साबण लावून दारात उभे होते.

"लवकर उठतात बिचाऱ्या," ते म्हणाले. "आपली अडचण नको म्हणून."

मी त्यांच्यावर खेकसले. काय बोलले ते आठवत नाही, वेडबिड लागलंय असं काहीतरी. त्यांनी साबण तसाच ठेवून ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून मी फ्यूटन सकाळी घाईघाईनं वर करायला लागले. खटका बसल्याचा आवाज आला की बरं वाटायचं.

५

डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई चहाला येणार होते. दवाखान्याची दुसरी शाखा निघत होती आणि ती माझ्या हातात द्यायचं घाटत होतं. डॉक्टरीणबाईंना माणसाचं घर पाहिल्याशिवाय माणूस कळत नाही, असं त्या स्वतःच सांगतात.

सुट्टीचा दिवस. दुपारी जेवणं झाली. मी आतून टेबलक्लॉथ घेऊन हॉलमध्ये आले तर फ्यूटन उघडा, आणि बाबा शेजारी खुर्चीवर पेपर वाचत बसलेले.

"बाबा! हा कुणी उघडला? येतीलच ते आता."

"त्यांना पडायचं होतं जरा," बाबा कुजबुजले. "बरं वाटत नाहीये त्यांना."

भिंतीकडच्या कडेला पांघरूण होतं. पांघरुणाला उंचवटा होता. बाबांनी उशा रचल्या असतील, असं मी मनात म्हटलं. मग पायाकडे लक्ष गेलं. पांघरुणातून एक पाऊल बाहेर आलं होतं, म्हाताऱ्या बाईचं, टाच भेगाळलेली. डावं पाऊल. अंगठ्याशेजारचं बोट वाकडं होतं.

मी बघत असतानाच ते पाऊल हळूच आत गेलं. दडवल्यासारखं.

दिसतंय ते सांगा, पाठ आहे ते नको. मला दिसलं ते हे.

भीती वाटली नाही असं कसं म्हणू? हातातला टेबलक्लॉथ गळून पडला. पण खाली गाडीचं दार वाजलं, डॉक्टरीणबाईंचा हसण्याचा आवाज जिन्यात आला, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट उरली, की त्या आता दारातून आत बघतील आणि त्यांना अंथरूण दिसेल. भीतीपेक्षा लाज मोठी ठरली. मी फ्यूटनची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"थांब, थांब, त्यांना उठू दे!" बाबा उभे राहिले. "अगं, वेळ लागतो या वयात!"

पाठ जड होती. रोज एका हातानं उचलायची मी. गुडघा लावला, जोर केला. आतून आवाज आला, गादीत तोंड दबलेल्या माणसाचा, अजिजीचा. "उठते हं, उठते..."

मी जोर केला. कट्कन खटका बसला.

पांघरुणाचं टोक फटीतून लोंबत होतं, ते आत खोचलं. दारावरची बेल वाजली.

डॉक्टरीणबाई फ्यूटनवर बसल्या. "छान आहे हो सोफा!" म्हणाल्या, मग चुळबुळल्या, मग जरा पुढे सरकून कडेवर बसल्या. "बसायची जागा जरा गरम लागते, नाही?" त्यांनी पाठीमागे हात नेऊन गादी चाचपली. "आत काही राहिलंय का? टोचतंय."

"नवीन आहे ना," मी म्हटलं. "बसेल कापूस." चहा ओतताना बशीत सांडत होता. नवरा हवापाण्याचं बोलत होता.

बाबा दाराजवळच्या कोपऱ्यात उभे होते. खुर्ची त्यांनी डॉक्टरांना दिली होती. हात मागे, पाठ भिंतीला, लिफ्टमध्ये उभे राहायचे तसे. माझ्याकडे बघत नव्हते. फ्यूटनच्या फटीकडे बघत होते.

"आणि हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पाहुणे," मी म्हटलं. "उद्या जायचेत."

वाक्य आपसूक आलं तोंडातून. दुकानात आलं होतं तसंच. नवऱ्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं. बाबांनी दोघांना नमस्कार केला आणि हसून म्हणाले, "हो. उद्या निघतो."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची पिशवी दाराशी होती.

मी म्हटलं, "बाबा, अहो, ते मी सहज बोलून गेले." राहा असं म्हटलं नाही. तो शब्द ओठांपर्यंत आला होता, अगदी आला होता. पण नवी शाखा मिळाल्याचा निरोप रात्रीच आला होता, आणि डॉक्टरीणबाई आता येत-जात राहणार होत्या.

"तसं नाही गं," बाबा म्हणाले. "जागा एकच आहे. ती त्यांना लागते. मी कुठेही मावतो." त्यांनी चपला घातल्या. "फक्त त्यांना घाई करत जाऊ नकोस. काल लागलं असेल बघ त्यांना."

"बाबा, कोण आहे ती?"

बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मग त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली आणि लगेच वळली. एखाद्याची उघडी पडलेली गोष्ट चुकून दिसावी तशी.

"विचारायचं नसतं," ते म्हणाले. "अवघडल्यासारखं होतं माणसाला."

नवरा त्यांना त्या वृद्धाश्रमात सोडायला गेला. मी खिडकीतून पाहिलं. रिक्षात बसतानाही त्यांनी आधी अंग चोरलं.

७

बाबा गेल्यावर फ्यूटन गप्प झाला. करकर नाही, खोकला नाही. खळगा मात्र राहिला.

आज मी दवाखान्यातून लवकर आले. अंग मोडून आलं होतं. खोलीपर्यंत जायचंही त्राण नव्हतं, म्हणून फ्यूटनची पाठ पाडली आणि आडवी झाले. मधोमध झोपायचं ठरवलं होतं. पण गादीला उतार होता, मी सरकत सरकत भिंतीकडे गेले. खांदा खळग्यात बसला. मग कंबर, मग गुडघे. कुठे बोटभर जागा उरली नाही. पातळ गादीतून खालच्या पट्ट्या पाठीला लागत होत्या. बाबा यावर एकदाही झोपले नव्हते, पण झोपले असते तर त्यांना अशाच लागल्या असत्या, आणि त्यांनी सांगितलं नसतं.

तेव्हा मला रडू आलं. मी ठरवलं, उठायचं आणि फोन करायचा. बाबा, परत या. आमची खोली तुमची. आम्ही दोघं झोपू हॉलमध्ये, दिसलं कुणाला तर दिसू दे. एवढं साधं होतं ते. पांघरूण खांद्यावर ओढलं, म्हटलं, पाच मिनिटं पडते आणि उठते.

"आई, ऊठ ना आता."

लेकीचा आवाज. मी भिंतीकडे तोंड करून होते.

"माझ्याकडे लोक यायचेत. हे सोफा करायचंय मला."

मला उठायचं होतं. खरंच उठायचं होतं, फोन करायचा होता. पण गुडघे सरळ होईनात. खोकला आला, तो तोंड दाबून आत ढकलला. "उठते हं," मी म्हटलं. "उठते." गादीत दबून आवाज वेगळाच आला, पण मला तो ओळखीचा होता.

"कधीची नुसती उठते उठते म्हणतेयस!"

कधीची? मी मान वळवायचा प्रयत्न केला. तिचा चेहरा दिसला नाही, फ्यूटनच्या पाठीवर ठेवलेला हात तेवढा दिसला. माझ्या लेकीचाच हात, नखं कुरतडलेली. पण हातावरच्या शिरा फुगलेल्या होत्या आणि मनगट जाड झालं होतं.

"अगं, बाबांना फोन करायचाय," मी म्हटलं.

"कुणाच्या बाबांना?" ती म्हणाली. रागानं नाही, दमून म्हणाली.

दारावरची बेल वाजली. तिनं दोन्ही हातांनी पाठ धरली. माझं डावं पाऊल पांघरुणाबाहेर आलं होतं. ते मी आत घेतलं, बोट दडवलं आणि होता होईल तेवढं अंग चोरलं, तिला उचलायला जड जाऊ नये म्हणून.